खालच्या सातव्या दाताची मागची बाजू: मशीन फिरवूनही रक्त थांबत नाही

मिरजेची_हायजिनिस्ट

नमस्कार सगळ्यांना. मी डेंटल हायजिनिस्ट, मिरजेत एका खाजगी दवाखान्यात आहे. दवाखाना चालता आहे, स्केलिंगच्या, म्हणजे दातांवर साचून टणक झालेलं कीटण काढायच्या, केसेस दिवसभर असतात आणि त्या जवळजवळ सगळ्या माझ्याकडेच येतात. काम सगळं मशीनवर. पिझो स्केलर (कंपनाने कीटण उडवणारं मशीन), एकच जाड टीप, पाणी, सक्शन, शेवटी पॉलिशिंग. बहुतेक पेशंटना तेवढं पुरतं. माझं अडलंय ते एका मावशींपाशी.

वय पन्नाशीच्या पुढे, तासगावकडच्या. लग्न झाल्यापासून मिश्री लावतात, सकाळ-संध्याकाळ. साखर आहे, गोळ्या चालू आहेत, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) साडेआठच्या आसपास. डावीकडची खालची अक्कलदाढ पूर्वी कधीतरी काढलेली. तिच्या पुढची दाढ, म्हणजे नंबर ३७, तिच्या मागच्या बाजूला हिरडीचा खिसा जिभेकडून ७ मिलिमीटर खोल, गालाकडून ६. दाढ हलत नाही. आरव्हीजीत (डिजिटल एक्स-रे) मागचं हाड खाली गेलेलं दिसतं आणि मुळावर कीटणाचं छोटं टोकही दिसतं. सरांनी भूल दिली, मी मशीनने साफ केलं. दोन महिन्यांनी बघितलं तर बाकी तोंड मस्त सुधारलंय, हिरड्या घट्ट बसल्यात. तिथे मात्र जिभेकडून अजून ६, गालाकडून ५, आणि प्रोब (खिसा मोजायची सळई) लावला की लगेच रक्त. सर म्हणतात, पुन्हा एकदा मशीन फिरव.

आमच्या कपाटात ग्रेसी क्युरेटचा, म्हणजे हाताने कीटण काढायच्या हत्यारांचा, एक जुना सेट आहे, सरांच्या कॉलेजपासूनचा. धार गेलेली. आम्हाला हे सगळं शिकवलं होतं, पण ते प्लॅस्टिकच्या दातांवर, आणि धार लावणं तर लांबून दाखवलं होतं. हाताने काम करायचं ठरवलं तर कुठल्या नंबरपासून सुरुवात करू? धार घरच्या घरी, म्हणजे दवाखान्यातच, लावता येते का? आणि एक सेल्समन पावडरचं मशीन दाखवून गेलाय. एअर पॉलिशिंग. त्याने म्हणे बायोफिल्म (जंतूंचा चिकट थर) निघते आणि हाताने खरवडायची गरजच उरत नाही. सर माझं मत विचारतायत.

जाता जाता, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संध्याकाळी ठणकतं. हाताने काम सुरू केलं तर ते वाढेल का, हीही भीती आहे.

दंतकथा

अगं, आधी एक सांग. त्या मावशी त्या दाढेच्या मागे ब्रश कसा नेतात ते तू कधी समोर उभं राहून बघितलंस का? त्यावर शेवटी येते. आधी हत्यारांचं.

मी मुंबईला शिकले, आता बरीच वर्षं नाशिकला आहे. आमच्या मॅडम मुळावर एक्सप्लोरर (चाचपून शोधायचं टोकदार हत्यार) फिरवून ‘काच लागते का?’ विचारायच्या. मूळ काचेसारखं गुळगुळीत होईपर्यंत सोडायच्या नाहीत. तो जमाना गेला. मुळाच्या वरच्या थरात जंतूंचं विष मुरलेलं असतं, तो थर खरवडूनच काढायला हवा, असं तेव्हा मानत. पुढे १९८६ साली मूर, विल्सन आणि कीझर यांनी उपटलेल्या रोगट दातांवर तपासलं. नुसत्या हलक्या धुण्याने ३९ टक्के आणि ब्रशने ६० टक्के विष निघून गेलं. म्हणजे ते वरवरच बसलेलं होतं. तेव्हा आता मूळ तासायचं नाही. कीटण काढायचं, बायोफिल्म मोडायची आणि मूळ शाबूत ठेवायचं.

पण यातून लोक जो दुसरा अर्थ काढतात ना, की आता हाताची गरजच नाही, तो मला पटत नाही. कीटण आणि बायोफिल्म ही दोन निराळी कामं आहेत. बायोफिल्म मऊ असते, पाण्याच्या फवाऱ्याने, पावडरने, मशीनच्या कंपनाने, साध्या ब्रशनेही मोडते, आणि काही तासांत परत जमायला लागते. कीटण टणक असतं, एकदा नीट काढलं की तिथे परत यायला वेळ घेतं, पण राहिलं तर त्याच्या खडबडीत अंगावर बायोफिल्मला कायमची जागा मिळते. तुझ्या मावशींच्या बाकीच्या तोंडात मशीनने दोन्ही कामं झाली. ३७ च्या मागे बहुतेक कीटणाचं काम अर्धंच झालंय. आरव्हीजीतलं ते टोक परत काढलेल्या फोटोत आहे का बघ. फोटो काढला नसेल तर सरांना काढायला सांग.

आणि आधी हुडकायला शिक. काढणं त्यानंतर. ओडीयू ११/१२ नावाचा एक्सप्लोरर मिळतो, वळण क्युरेटसारखंच असतं, त्यामुळे मागच्या दाढांच्या खोल खिशात जातो. हलक्या बोटांनी धरायचा, पार तळापर्यंत न्यायचा आणि छोट्या छोट्या तिरप्या रेघा ओढत वर यायचं. घट्ट पकडलास की बोटांना काही कळत नाही. मशीनची हीच अडचण आहे: चालू असताना कंपनात हाताला बारीक खरखर जाणवत नाही. म्हणून मी मशीन थांबवते, एक्सप्लोरर घालते, मग ठरवते.

आता नंबर. अख्खा सेट नको. तुझ्या कामाला दोन पुरतील. मागच्या दातांच्या पुढच्या बाजूसाठी ११/१२ आणि मागच्या बाजूसाठी १३/१४. बाजारात ११/१४ आणि १२/१३ अशा जोड्याही मिळतात, म्हणजे एकाच हत्याराने एका बाजूची पुढची-मागची दोन्ही अंगं होतात, सारखं ट्रेकडे वळावं लागत नाही. पुढच्या दातांना ५/६ पुरे. ३७ च्या मागे १३/१४ जात नसेल तर १७/१८ आहे. त्याची खालची दांडी १३/१४ पेक्षा ३ मिलिमीटर लांब, वळण जास्त आणि पातं किंचित आखूड, त्यामुळे तोंड पूर्ण न उघडणाऱ्या पेशंटला बरं पडतं. खोल खिशांसाठी आफ्टर फाइव्ह, तिचीही खालची दांडी ३ मिलिमीटरने लांब. अरुंद खिशासाठी मिनी फाइव्ह, तिचं पातं नेहमीच्या निम्मं. पण हे सगळं नंतर.

ग्रेसीला धार एकाच बाजूला असते, हे विसरून लोक उलट्या बाजूने घासत बसतात. खालची दांडी जमिनीला काटकोनात उभी धर, पात्याचा सपाट भाग तिरका दिसेल, त्यातली खालच्या अंगाची कड कामाची. दांडी आणि पातं यांतला कोन साधारण ७० अंशांचा मुद्दाम ठेवलेला आहे. म्हणून खालची दांडी दाताच्या त्या बाजूला समांतर ठेवलीस की पातं आपोआप योग्य कोनात लागतं. खिशात पातं दिसत नाही, दांडी दिसते. दांडीवर नजर ठेव. आत नेताना पातं मुळाला जवळजवळ चिकटवून न्यायचं, तळाशी पोचल्यावर उघडायचं, ६० ते ८० अंश, आणि मग ओढायचं. ४५ च्या खाली गेलीस तर कीटण चावलं न जाता वरून घासलं जातं. ९० च्या वर गेलीस तर हिरडी कापते.

बसायची जागाही सांगते, कारण अर्धा खेळ तिथेच असतो. ३७ ला जिभेकडून काम करताना पेशंटच्या बाजूला, घड्याळातल्या नऊच्या जागी बस, हनुवटी खाली. गालाकडून करताना दहा-अकराच्या जागी सरक आणि पेशंटला मान तुझ्याकडे वळवायला सांग. अनामिका त्याच बाजूच्या ३५-३६ वर, म्हणजे ३७ च्या पुढच्या दोन दातांवर, टेकलेली हवी, मधलं बोट तिला चिकटून. ओढ मनगट आणि कोपरापासून यायला हवी. नुसती बोटं वळवून ओढलंस तर तो अंगठा संपलाच समज. जोरही सतत नको. शोधताना हलका, कीटण लागलं की तेवढ्या एका ओढीपुरता दाब, परत हलका. कीटणाच्या खालून धरून तुकडा उडवायचा, वरून पापुद्रे काढत बसायचं नाही. पापुद्रे काढलेलं कीटण गुळगुळीत होऊन मुळाशी एकजीव होतं, मग एक्सप्लोररलाही सापडत नाही आणि रक्त मात्र येत राहतं. तुझ्या त्या जागी आता हेच झालेलं असण्याची शक्यता आहे. जाड टीप, हलकी पॉवर, वरून फिरवलेली.

धार. ह्यावर मी तास घेऊ शकते. बोथट विळीवर टोमॅटो धरला की चिरला न जाता दबतो; बोथट क्युरेटखाली कीटणाचं नेमकं तेच होतं. कपाटातला सेट फेकू नको, आधी बघ. पात्याच्या कडेवर दिव्याचा उजेड पाड. बोथट कडेवर पांढरी रेघ चमकते. तीक्ष्ण कडेला रुंदीच नसते म्हणून ती चमकत नाही. किंवा ॲक्रिलिकची कांडी मिळते, तिच्यावर टेकव. धार असेल तर अडकते, नसेल तर घसरते. पातं आधीच घासून घासून बारीक झालं असेल तर मात्र टाकून दे, खिशात मोडलं तर निस्तरता नाकी नऊ येतील.

दगड म्हणशील तर नवशिक्याला सिरॅमिकचा बरा, पाणी लावलं की झालं. अर्कान्साला तेल लागतं. टेबलाच्या कडेवर कोपर टेकव, हत्यार डाव्या मुठीत घट्ट, टोक तुझ्याकडे. पात्याचा सपाट भाग जमिनीला समांतर हवा. ग्रेसीत त्यासाठी खालची दांडी थोडी कलती, घड्याळाच्या अकराच्या दिशेला धरावी लागते, सरळ उभी नाही. दगड आधी त्या सपाट भागाशी काटकोनात उभा लाव, मग त्याचं वरचं टोक पात्यापासून किंचित लांब झुकव. १०० ते ११० अंश. म्हणजे पात्याच्या आतला कोन ७० ते ८० राहतो. मग वर-खाली छोटे हात, टाचेपासून टोकाकडे तीन भागांत, आणि क्युरेटचं टोक गोल असतं तेव्हा तिथे दगड फिरवत न्यायचा. शेवटचा हात नेहमी खालच्या दिशेने, नाहीतर धारेला बारीक तारेसारखी कड राहते. दर आठवड्याला वेळ काढून बसलीस तर प्रत्येक वेळी दोन-चार हातांत काम होतं. महिनोन्‌महिने साचवलंस तर पात्याचा आकारच बदलावा लागतो. आणि हे सगळं ऑटोक्लेव्ह केलेल्या हत्यारावर कर, धार लावून झाल्यावर परत ऑटोक्लेव्ह.

आता सुरुवातीचा प्रश्न. मावशींच्या हातात आरसा दे आणि म्हण, नेहमीसारखा ब्रश करा. माझा अंदाज आहे, ब्रश ३६ शी थांबत असेल. शेवटच्या दाढेमागे जायचं तर तोंड आ करून चालत नाही. गाल ताणला जातो आणि जबड्याच्या हाडाचा पुढचा भाग आडवा येतो. तोंड अर्धं मिटायचं, जबडा किंचित त्याच बाजूला सरकवायचा, मग जागा होते. एका गुच्छ्याचा छोटा ब्रश मिळतो, सिंगल टफ्ट, तो दाढेच्या मागे कोपऱ्यात टेकवून गोल फिरवायचा, दात मोजत नव्हे, जागा धरून. रंग लावून दाखव. साधा एरिथ्रोसिनचा लाल चालेल. दुरंगी मिळाला तर उत्तम, जुना थर निळा आणि ताजा गुलाबी दिसतो. ‘नीट ब्रश करा’ म्हणून मावशींना काही कळणार नाही. स्वतःच्या दाढेवरचा निळा डाग बघितल्यावर कळेल.

पेरिओवाला_डॉक्टर

मी पुण्यात पेरिओडॉन्टिस्ट, म्हणजे हिरड्यांचा डॉक्टर, आहे. दंतकथाताईंचं धार आणि कोन याविषयीचं लिखाण मी आमच्या इंटर्न मुलांना वाचायला देणार आहे. पण एका ठिकाणी माझं वेगळं मत आहे.

३७ ही दाढ आहे आणि तिथे फक्त मागची भिंत नाही. जिभेकडच्या फर्केशनमध्ये, म्हणजे मुळं जिथे फुटतात त्या जागेत, नेबर्स प्रोब (त्यासाठीचा वाकडा प्रोब) घातला का? बोअर यांनी १९७९ मध्ये पहिल्या दाढांच्या फर्केशनची तोंडं मोजली होती. त्यातली ८१ टक्के १ मिलिमीटरपेक्षा अरुंद आणि ५८ टक्के ०.७५ पेक्षाही अरुंद निघाली. क्युरेटच्या नव्या पात्याची रुंदीच ०.७५ ते १.१० मिलिमीटर. म्हणजे हात कितीही तयार असला तरी पातं आत शिरणारच नाही. तिथे पिझोची सडपातळ टीप लागते. तुमच्याकडे एकच जाड टीप आहे हीच माझ्या मते खरी अडचण आहे. पावडरच्या मशीनआधी सरांना सडपातळ सरळ टीप आणि डावी-उजवी वळलेली जोडी घ्यायला सांगा. आणि टिपेची झीज बघा: टोक १ मिलिमीटर झिजलं की काम साधारण पावपटीने कमी होतं, २ मिलिमीटर झिजली की टाकून द्यायची. कंपनीचं मोजायचं कार्ड मिळतं, ते दवाखान्यात सहसा ड्रॉवरमध्ये धूळ खात असतं. पिझोची टीप दाताशी जवळजवळ समांतर, बाजूने लावायची. टोक कधीच मुळावर रोवायचं नाही, चरे पडतात.

हात आणि मशीन, दोन्हींचे निकाल अभ्यासांमध्ये जवळजवळ सारखे येतात, मशीनला वेळ कमी लागतो. तेव्हा मी याला भांडण मानत नाही. आधी सडपातळ टीप, मग एक्सप्लोरर, जिथे लागलं तिथे क्युरेट.

दुसरं असं की, खोल खिशात कितीही चांगलं काम केलं तरी काही राहतंच, हे मान्य करून चाला. वेअरहॉग यांनी १९७८ मध्ये साफ करून मग काढलेल्या दातांवर बघितलं होतं. ३ मिलिमीटरपर्यंतच्या खिशांत ८३ टक्के जागा स्वच्छ निघाल्या, ३ ते ५ मध्ये ३९ टक्के आणि ५ च्या पुढे फक्त ११ टक्के. तुमची जागा ७ ची होती. ती ६ वर आली आणि रक्त येतं, म्हणजे तुमचं काम वाईट झालं असं नाही.

युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजीने २०२० मध्ये उपचारांच्या पायऱ्या मांडल्या त्यात हे सरळ आहे. पहिली पायरी पेशंटची स्वच्छता आणि तंबाखू-साखर, दुसरी हिरडीखालची सफाई, मग पुन्हा मोजणी. ४ च्या पुढे खिसा आणि रक्त असं राहिलं तर तिसरी पायरी: ४-५ चे खिसे पुन्हा साफ करायचे, ६ किंवा जास्त असेल तर शस्त्रक्रियेचा विचार. तुमच्या पेशंटची जिभेकडची जागा बरोबर त्या सीमेवर आहे. अक्कलदाढ काढलेल्या जागी मागे जाड मांसल हिरडी उरते आणि तिच्यामुळे खिशाची खोली वाढलेली दिसते. ती डिस्टल वेज करून, म्हणजे पाचरीसारखा तुकडा कापून, कमी करता येते, छोटं काम आहे. पण आधी एक सफाई हाताने द्या, ताईंनी सांगितलेला ब्रश सुरू करा आणि परत मोजा. एचबीए१सी साडेआठवर मी लगेच ब्लेड लावणार नाही, फिजिशियनला चिठ्ठी देईन.

जिभेकडून क्युरेट चालवताना एक लक्षात ठेवा. तिथे हाड पातळ असतं आणि लिंग्वल नर्व्ह (जिभेची नस) अगदी जवळून जाते. अनामिकेचा टेकू सुटला तर हत्यार जिभेखाली घसरतं. टेकू नसेल तर ओढू नका. आणि भूल सरांनीच द्यायची, हे तुम्हाला माहीतच आहे. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने हायजिनिस्टची व्याख्याच दात स्केल करणं, साफ करणं, पॉलिश करणं आणि स्वच्छतेचं शिक्षण देणं अशी केली होती.

मिश्रीबद्दल रागावू नका त्या बाईंवर. आमच्याकडे ओरडा खाल्लेले पेशंट परत येत नाहीत. तंबाखू सोडायला मोफत फोनलाइन आहे, १८००-११२-३५६, नंबर केसपेपरच्या मागे लिहून द्या.

दंतकथा

डॉक्टर, फर्केशनचं मान्य. माझ्या डोक्यात मागची भिंतच होती. टिपांचंही मान्य, पण किती दवाखान्यांत दुसरी टीप असते ते तुम्हीही जाणता. दगड आणि एक १३/१४ यांना मालकाची परवानगी लवकर मिळते, एवढंच माझं म्हणणं.

कॅलगरीकर

मी सांगलीची, आता कॅनडात अल्बर्टात हायजिनिस्ट आहे. वाचून बरं वाटलं, कारण इकडे आल्यावर मला पहिल्यांदा कळलं की धार लावणं हा दिवसाच्या कामाचा भाग असतो. इकडे आमच्या स्केलिंगचं बिल पंधरा मिनिटांच्या एककात होतं, त्यामुळे एका पेशंटला तासभर देता येतो. अल्बर्टात वेगळी परवानगी घेतली की भूलही आम्हीच देतो. तुला तो वेळ मिळणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून कमी वेळात काय जमेल तेवढंच सांगते.

सगळं तोंड हाताने नको. मशीनने सगळं, मग एक्सप्लोरर फक्त ५ च्या पुढच्या जागांवर. केसपेपरवर त्या जागांना लाल खूण कर. पुढच्या वेळी आधी तिथेच जायचं, दमल्यावर नाही. मावशींची ३७ सगळ्यात पहिली घ्यायची, भूल ताजी असताना आणि तुझा हात ताजा असताना.

अंगठ्याचं: सध्याचं दुखणं मशीनच्या पकडीतूनच आलेलं असणार, म्हणून हाताच्या कामाला घाबरू नकोस, पकड बघ. हॅन्डपीसची वायर खाली लोंबकळत असते, ती मनगट ओढत राहते. करंगळीभोवती किंवा हातावरून एक वळसा घे. क्युरेट घेताना मूठ जाड आणि वजनाला हलकी घे. मुठीवर झालेल्या संशोधनात साधारण १० मिलिमीटर जाड आणि १५ ग्रॅम किंवा कमी वजनाच्या मुठीला स्नायूंचा जोर सगळ्यात कमी लागला होता. जुन्या सेटच्या त्या पेन्सिलीएवढ्या बारीक स्टीलच्या मुठी अंगठ्याला छळतात. त्यांच्यावर चढवायच्या सिलिकॉनच्या नळ्या मिळतात, ऑटोक्लेव्हमध्ये चालणाऱ्या. बोथट हत्याराला जास्त दाब लागतो, त्यामुळे धार हाही अंगठ्याचाच उपाय आहे. आणि तरीही ठणकत राहिलं तर फिजिओला दाखव, पुढे ढकलू नको. अंगठा मुठीत मिटून मनगट करंगळीकडे वाकवलं की कळ येते का बघ, येत असेल तर लवकर जा.

पावडरबद्दल: माझ्याकडे रोज वापरात आहे आणि मला आवडतं. पण सेल्समनने अर्धं सांगितलंय. सोडियम बायकार्बोनेटचे कण जाडे, ते इनॅमलवर, हिरडीच्या वरच वापरायचे. मिश्रीचे डाग त्याने झपाट्याने जातात, हे खरं. उघड्या मुळावर ते नको. हिरडीखाली चालतं ते ग्लायसिन, कण साधारण २५ मायक्रॉनचे, किंवा एरिथ्रिटॉल, साधारण १४ मायक्रॉन. खोल खिशाला त्याची वेगळी नोझल लागते. बायोफिल्म सुरेख निघते, पेशंटला दुखत नाही, देखभालीच्या पेशंटना तर छानच. कीटण मात्र निघत नाही. कुठल्याच पावडरने नाही. दम्याच्या पेशंटला मी टाळते. मीठ कमी खायला सांगितलेल्या पेशंटवर बायकार्बोनेट नको. आणि सांगलीच्या पावसाळ्यात पावडर ओल धरून गठ्ठे करते, कंप्रेसरला हवा कोरडी करणारं यंत्र नसेल तर नोझल सारखी बुजेल. हे सेल्समनला विचार.

नुसता_पेशंट

मी डॉक्टर नाही, दर सहा महिन्यांनी दात साफ करून घेणारा माणूस. एक शंका. आमच्या गावात सगळे म्हणतात, एकदा साफ केले की दात ढिले होतात, फटी पडतात. माझ्याही पडल्या. मग ह्या बाईंना परत परत खरवडून त्रास नाही का होणार?

दंतकथा

दादा, फट आधीच होती. हाड आधीच गेलेलं होतं, त्या जागी कीटण आणि सुजलेली हिरडी भरून बसली होती. कीटण काढलं, सूज उतरली, म्हणून फट दिसायला लागली. त्या फटीत दातांमधला ब्रश घाला, योग्य मापाचा. तार सहज जावी पण केसांनी कड घासावी, एवढा. वेगवेगळ्या फटींना वेगळे माप लागतात, सगळीकडे एकच बारीक घातला तर उपयोग नाही.

आणि परत परत खरवडायचं नाहीच आहे. निरोगी तरुणांनी दात घासणं पूर्ण बंद केलं तर हिरड्या सुजायला १० ते २१ दिवस पुरतात, हे १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये १२ जणांवर पाहिलं गेलं होतं. घासणं सुरू केल्यावर आठवड्याभरात सूज उतरली. म्हणजे आम्ही तीन महिन्यांतून एकदा काय करतो त्यापेक्षा मधल्या दिवसांत घरी काय होतं ते मोठं.

मिरजेची_हायजिनिस्ट

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय. मधे बरंच झालं.

आरशासमोर मावशींचा ब्रश बघितला. ताई, ३६ वरही नीट जात नव्हता! निळा डाग बघून त्या म्हणाल्या, ‘अगं बाई, हे इतके दिवस होतं?’ तोंड अर्धं मिटवून सिंगल टफ्ट नेणं त्यांना दुसऱ्या खेपेला जमलं. मिश्री बंद नाही, संध्याकाळची सोडली आहे म्हणतात. फोन नंबर सुनेने उतरवून घेतला.

सरांनी सडपातळ टीप आणि दगड दोन्ही मागवलं. कपाटातल्या सेटमधले १३/१४ वाचवता आले, ११/१२ पार झिजलेले होते. भूल दिल्यावर एक्सप्लोरर घातला तेव्हा जिभेकडे, तळाच्या जरा वर, गुळगुळीत पण उंचवटा असलेली कड लागली. टीप लावून ती सैल झाली नाही. मग क्युरेट. एक तुकडा तिसऱ्या-चौथ्या ओढीला निघाला, काळपट, साबुदाण्याच्या दाण्याहून लहान. जिभेकडच्या फर्केशनमध्ये नेबर्स प्रोब थोडाच आत जातो, आरपार नाही, सरांनी ग्रेड १ लिहिलं.

परवा मोजलं. गालाकडून ४, रक्त नाही. जिभेकडून ५, आणि रक्त येतं पण टपकन नाही, प्रोब काढल्यावर थोड्या वेळाने एक ठिपका. साखर ७.६ वर आलीय. सर विचारतात की आता लगेच पुण्याला पाठवायचं की थांबायचं?

पेरिओवाला_डॉक्टर

५ आहे आणि साखर उतरतेय, तर पाठवू नका. तीच जागा पुन्हा एकदा साफ करा, सडपातळ टीप आणि गरज पडली तर क्युरेट, आणि तीन महिन्यांनी मोजा. तेव्हाही ५ आणि रक्त असेल, किंवा परत ६ झालं, तर पाठवा, सोबत आधीचे सगळे आकडे आणि दोन्ही आरव्हीजी द्या. अँटिबायोटिक देऊ नका, याला लागत नाही. क्लोरहेक्सिडिन (गुळण्यांचं औषध) दिलं असेल तर ते दोन आठवड्यांच्या वर चालू ठेवू नका, मिश्रीच्या डागांत तपकिरी भर पडेल, आणि टूथपेस्टनंतर अर्धा तास सोडून घ्यायला सांगा.

दंतकथा

११/१२ नवीन घे. जाड मुठीचा. आणि ह्या वेळी दगडासोबत ॲक्रिलिकची कांडीपण मागव, नाहीतर धार लागली की नाही ते मावशींच्या हिरडीवर कळेल.